पेनसिल्व्हेनियातला जर्मन पूर्वज: आधी जहाजाची यादी, की चर्चची वही?

माझ्या जावयाचं आडनाव स्नायडर. एका थँक्सगिव्हिंगला जेवणं आटोपल्यावर विहीणबाईंनी पुठ्ठ्याची एक फाइल टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "तुमच्याकडे म्हणे तीर्थाच्या गावी गेलं की भटजी सात पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. मग आमचंही बघा जरा." त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांची गोष्ट मुलीने त्यांना कधीतरी सांगितली असणार. फाइलमध्ये इंटरनेटवरून छापलेला एक वंशवृक्ष होता आणि त्याच्या मुळाशी एकच ओळ: 'जर्मनीहून आला, अंदाजे १७५०, तीन भाऊ.'

या शोधात चार दिवस काढलेल्या कुणालाही ही ओळ वाचून हसू येईल. इथल्या प्रत्येक जर्मन घराण्यात तीनच भाऊ आलेले असतात. एक पेनसिल्व्हेनियात राहतो, एक व्हर्जिनियाला जातो आणि तिसऱ्याचा पत्ता लागत नाही.

त्र्यंबकच्या उपाध्यायाला आधी मूळ गाव सांगावं लागतं, मग आडनाव. गाव चुकलं की वही निघत नाही. अठराव्या शतकातल्या जर्मन माणसाचंही नेमकं तेच आहे. तेव्हा जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. शेकडो संस्थानं होती, आणि जन्म-लग्न-मृत्यूची नोंद ज्या त्या गावच्या चर्चमध्ये. 'जर्मनीहून आला' म्हणणं म्हणजे 'घाटावरून आला' म्हणण्यासारखं आहे. म्हणून कुठला दप्तरखाना आधी धुंडाळायचा हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: यातून गाव कळेल का?

जहाजांच्या याद्या

सगळे पहिली उडी इथेच मारतात. मीही मारली. १४ सप्टेंबर १७२७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक कौन्सिलने ठरवलं की परके लोक आणणाऱ्या प्रत्येक कॅप्टनने त्यांची यादी द्यायची आणि पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची. तिथपासून १७७५ पर्यंत फिलाडेल्फियात तीन प्रकारचे कागद तयार झाले: कॅप्टनची यादी, राजनिष्ठेची शपथ आणि दुसरी एक शपथ, इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या कॅथलिक दावेदाराला राजा मानणार नाही अशी. १९३४ साली हे सगळं तीन खंडांत छापून आलं. संपादक स्ट्रासबर्गर आणि हिंके. त्यातला दुसरा खंड म्हणजे नुसत्या सह्यांच्या प्रतिकृती, पानंच्या पानं.

त्याआधी १८५६ मध्ये रुप नावाच्या गृहस्थाने तीस हजार नावांची यादी काढली होती. ती इंटरनेटवर सहज मिळते म्हणून जो तो तीच उद्धृत करतो. वाचनाच्या चुका तिच्यात भरपूर आहेत. दोन्ही हाताशी असतील तर रुप बाजूला ठेवा.

आता या याद्यांत काय नाही ते ऐका. शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांनीच घ्यायची, म्हणजे बायका नाहीत, मुलं नाहीत. जो आजारी पडून जहाजातच राहिला त्याची सही नाही. नावं बायकामुलांसह देऊ शकली असती ती कॅप्टनची यादी. त्यातल्या पुष्कळशा गहाळ झाल्या. आणि गाव? वुर्टेम्बर्गचा असो, स्वित्झर्लंडचा असो की ऱ्हाइनकाठच्या फाल्ट्स प्रांतातला, यादीच्या माथ्यावर बहुधा एकच शिक्का: 'पॅलाटिन', म्हणजे फाल्ट्सचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्यात आडनाव स्नायडर, म्हणजे मूळचं श्नायडर, म्हणजे शिंपी. शिंपी कुठल्या गावात नव्हता? शिवाय त्या काळी जर्मन घरांत भावाभावांची पहिली नावं सरसकट योहान असायची. योहान जॉर्ज, योहान पीटर, योहान मिखाएल. पाळण्यातलं नाव एक नि हाकेचं दुसरं, तसं. हाक मारायचे ती दुसऱ्या नावाने, त्यामुळे यादीतला योहान जॉर्ज पुढे जमिनीच्या कागदात नुसता जॉर्ज होतो. तीन शनिवार-रविवार घालवून माझ्या वहीत श्नायडरांची एक रांग जमली होती. त्यातला आपला कोण, हे सांगायला काहीही नव्हतं.

बरं, पूर्वज फिलाडेल्फियालाच उतरला हेही गृहीत धरू नये. १७१० मध्ये सुमारे तीन हजार पॅलाटिन लंडनमार्गे न्यूयॉर्कला नेले गेले, हडसनकाठी डांबर काढायला. ते डांबर काही नीट निघालं नाही. पण गव्हर्नर हंटरने त्यांना शिधा दिला आणि त्या शिध्याच्या याद्या राहिल्या. पुढे छपाईस्वातंत्र्याच्या खटल्यातून १७३५ साली निर्दोष सुटलेला जॉन पीटर झेंगर त्याच लाटेतला, पोरवयात आलेला. पुढे दुभाषा म्हणून नाव कमावलेला कॉनराड वायझरही तिथलाच. १७२९ मध्ये तो कुटुंबकबिल्यासह पेनसिल्व्हेनियातल्या टुल्पेहॉकनला आला. अशा माणसाला फिलाडेल्फियाच्या यादीत शोधत बसलात तर जन्म जाईल.

इकडच्या चर्चच्या वह्या

माझं मत विचाराल तर सुरुवात इथून करावी. कंटाळवाणं काम आहे, पण गाव सापडण्याची शक्यता इकडच्या कागदांत इथेच सर्वांत जास्त. हेन्री मेल्खिओर म्यूलेनबर्ग हे लुथरन पाद्री १७४२ मध्ये आले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्यांनी मृतांच्या नोंदी लिहिताना पुष्कळदा माणूस कुठे जन्मला, कधी आला, हेही लिहून ठेवलं. पेनसिल्व्हेनियातल्याच बेथलहेम गावचे मोराव्हियन पंथाचे लोक तर प्रत्येक सभासदाचं जीवनवृत्त लिहून घेत. पूर्वज मोराव्हियन निघाला तर तुम्हाला घबाड मिळालं समजा.

अडचणीही आहेत. त्या वेळी पाद्री थोडे आणि वस्त्या लांबलांब. स्टोव्हरसारखा पाद्री घोड्यावरून फिरे आणि बाप्तिस्मे, लग्नं स्वतःच्या खासगी वहीत टिपे. एकाच जोडप्याची चार मुलं चार वह्यांत सापडतात. लुथरन आणि रिफॉर्म्ड पंथांचे लोक कित्येक ठिकाणी मिळून एकच इमारत वापरत आणि वह्या मात्र वेगळ्या ठेवत. तेव्हा एक पाहून परत फिरू नका. पूर्वज मेनोनाइट किंवा आमिश पंथाचा असेल तर हा मार्ग जवळजवळ बंद: ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत आणि वह्याही ठेवत नसत. त्यांच्यासाठी पुढचा, जमिनीचा रस्ता.

या वह्यांत बाळाच्या नावापेक्षा मी शेवटचा रकाना आधी वाचतो: बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ हातात घेणारे साक्षीदार कोण. ते बहुधा नातलग असतात किंवा मूळ गावचे. आमच्या स्नायडरांच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी जो साक्षीदार होता त्याचं आडनाव इतकं विरळ होतं की मी खुर्चीत सरळ झालो. श्नायडर शेकड्यांनी, हा मात्र एकच.

लिपीबद्दल एक इशारा. मूळ वही कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असते. त्यात ई हे अक्षर एनसारखं दिसतं, आणि यू ओळखायचा तो डोक्यावरच्या हुकासारख्या खुणेवरून. मोडी कधी शिकला असाल तर हा त्रास ओळखीचा वाटेल. सवय व्हायला महिना जातो. पुष्कळ वह्यांचे इंग्रजी अनुवाद छापलेले आहेत, त्यांवरून सुरुवात करावी, पण गावाचं नाव दिसलं की मूळ पान बघितल्याशिवाय राहू नये. अनुवादक बहुतेक वेळा गावाच्या नावातच अडखळतो.

जमीन, मृत्युपत्र, कर

इथे गाव क्वचितच मिळतं. मग पाहायचं कशासाठी? माणूस पक्का करण्यासाठी. पेनसिल्व्हेनियात जमीन तीन टप्प्यांनी मिळे: आधी वॉरंट (मोजणीचा हुकूम), मग मोजणी, मग पेटंट (मालकीचा कागद). मोजणीच्या नकाशावर चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं असतात. वॉरंटच्या नोंदवह्या आणि मोजणीचे नकाशे हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवले आहेत, म्हणजे खर्च फक्त डोळ्यांचा. मात्र वॉरंटच्या तारखेला वस्ती झाली असं समजू नका. लोक आधी वर्षानुवर्षं नुसते राहत, कागद मागाहून करत. जिल्हाही पाहा. लँकेस्टर १७२९ मध्ये झाला, बर्क्स १७५२ मध्ये. माणूस जागचा हलला नाही तरी त्याचे कागद दोन कचेऱ्यांत विभागले गेलेले असतात.

१७४० च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे सात वर्षं वसाहतीत काढलेल्या परक्याला नागरिकत्व घेता येई. त्या याद्यांत तुमचा माणूस असेल तर तो किमान सात वर्षं आधी आला हे नक्की, आणि त्यानंतर आलेल्या जहाजांच्या सगळ्या याद्या बाजूला सारता येतात.

मृत्युपत्राबाबत एक गोष्ट सगळे विसरतात. कचेरीच्या जाडजूड पुस्तकात असते ती कारकुनाने उतरवलेली नक्कल. मूळ कागद वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि त्यावर माणसाची स्वतःची सही असते. ती मागवा. आमच्या म्हाताऱ्याने इंग्रजी मृत्युपत्राखाली जर्मन वळणाची सही केली होती, आडनावाच्या पहिल्या अक्षराचं शेपूट खाली ओढून पुन्हा वर आणलेलं, गाठ मारल्यासारखं. स्ट्रासबर्गर-हिंकेचा दुसरा खंड कशाला आहे ते मला त्या दिवशी कळलं.

जर्मनीतल्या वह्या

गाव हाती नसताना इकडे पैसे घालू नयेत. हे मी ठासून सांगतो, कारण आर्किऑन या संकेतस्थळाची वर्गणी भरून महिनाभर नुसते भटकलेले लोक मला माहीत आहेत. आर्किऑनवर प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्या आहेत. कॅथलिकांसाठी मॅट्रिक्युला, ते फुकट. फॅमिलीसर्चवरही पुष्कळ आहे, तेही फुकट. गाव माहीत असेल तर या वह्यांसारखं दुसरं काही नाही: बाप्तिस्मा, लग्न, आई-बाप आणि कधी कधी समासात पाद्र्याच्या हातची टीप, की हा पेनसिल्व्हेनियाला गेला.

पण वह्या सलग असतील असं नाही. १६१८ ते १६४८ चं तीस वर्षांचं युद्ध आणि शतकाअखेरीस फ्रेंच फौजांनी केलेली फाल्ट्सची राखरांगोळी, यांत कितीतरी वह्या गेल्या. अशा वेळी दुसरा आधार म्हणजे सुटकेचे कागद. नैर्ऋत्य जर्मनीत पुष्कळ शेतकरी अजून वेठबिगारीच्या बंधनात होते. देश सोडायचा तर धन्याला सुटकेची रक्कम आणि मालमत्तेचा दहावा हिस्सा द्यावा लागे. सरकारला पैसा मिळाला की नोंद होतेच. रात्रीत पळून गेलेल्यांची मात्र होत नाही.

तारखांचा घोळ इथे सुरू होतो. इंग्लंडच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनं पंचांग चालत होतं, जर्मनीत तोवर नवं. अकरा दिवसांचा फरक. वसाहतीत वर्षही २५ मार्चला बदले, त्यामुळे फेब्रुवारी १७३१ म्हणजे आपला १७३२. दोन कागदांत अकरा दिवस चुकले म्हणून माणूस बदलू नका.

डीएनए आणि भाड्याचा संशोधक

डीएनएवर फार भिस्त ठेवू नका. आठव्या पिढीत २५६ पूर्वज असतात. त्यातल्या एकाचा धागा तुमच्यात उरला असेलच असं नाही. वडिलांकडून मुलाकडे सरळ जाणारी आडनावाची ओळ असेल तर वाय-डीएनए चाचणी दोन श्नायडर घराणी वेगळी करायला कामाची. संशोधक नेमायचा तर जर्मनीतला नेमा आणि गाव सापडल्यावर नेमा. 'पूर्वज शोधून द्या' असं मोघम काम दिलं की तासांचं बिल वाढत जातं. 'या गावच्या वहीत या दहा वर्षांतली ही नोंद वाचून द्या' असं सांगितलं की बिल आवाक्यात राहतं.

घरात जर्मन बायबल किंवा रंगीत चित्रांचा बाप्तिस्म्याचा दाखला असेल, तर हे सगळं सोडून तो आधी उघडा. गाव तिथेच लिहिलेलं असू शकतं. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, स्थलांतरितांच्या ठाण्यात, कारकुनाने नाव बदललं वगैरे ऐकलं असेल तर विसरा. ते ठाणं १८९२ मध्ये सुरू झालं. झिमरमनचा (म्हणजे सुताराचा) कार्पेंटर झाला तो शेजाऱ्यांच्या तोंडी.

आमचं कसं जुळलं ते सांगतो. त्या विरळ आडनावाच्या साक्षीदाराची मृत्यूनोंद दुसऱ्याच एका चर्चमध्ये मिळाली आणि तीत नैर्ऋत्य जर्मनीतल्या क्राइखगाउ भागातल्या एका गावाचं नाव होतं. जहाजाच्या यादीत त्याची सही शोधली, तर तिच्या दोन ओळी खाली तीच शेपटाची गाठ. मग आर्किऑनची एका महिन्याची वर्गणी, आणि तिसऱ्या संध्याकाळी लग्नाची नोंद.

विहीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच तीन भावांचा. वहीत भाऊ एकच होता, पाळण्यातच गेलेला. जहाजावर बरोबर होता तो बायकोचा भाऊ.