आठ महिने ब्लड कल्चर मशीन: तक्रार मशीनपेक्षा बाटलीतल्या रक्ताची

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात नाशिकमध्ये वीज गेली, यूपीएस अर्ध्या तासात बसला आणि आमच्या लॅबचं ब्लड कल्चर मशीन (रुग्णाच्या रक्ताच्या बाटल्या उबेत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघणारं) रात्रभर बंद राहिलं. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर एवढंच, की वीज आली की आपोआप सुरू होईल. होतं सुरू. पण आतली ऊब लगेच जात नाही, जंतू वाढतच राहतात. वाढ शिगेला पोहोचली असेल तर मशीन ज्यावरून जंतू ओळखतं तो त्यांच्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख नंतर चढतच नाही आणि बाटली पाचव्या दिवशी निगेटिव्ह म्हणून बाहेर येते. अशा वेळी आतल्या प्रत्येक बाटलीचं सबकल्चर (थेंबभर द्रव प्लेटवर पसरून जंतू उगवतात का ते बघणं) करायलाच हवं. यूपीएस घेताना बॅकअपचे तास लेखी घ्या.

मशीनची बाटली जुन्या ब्रॉथच्या (जंतू वाढवायच्या पोषक द्रवाच्या) बाटलीपेक्षा कित्येक पट महाग, म्हणून आधी माझं मत विरोधात होतं. हिशोब मांडल्यावर ते बदललं. जुन्या पद्धतीत ५० मिली बीएचआय (ब्रेन हार्ट इन्फ्युजन) ब्रॉथमध्ये ५ मिली रक्त, सात दिवस ३७ अंशांवर, रोज गढूळपणा, हिमोलिसिस (लाल पेशी फुटणं), बुडबुडे बघणं. काही जंतू ब्रॉथ गढूळ करतच नाहीत, म्हणून दिसो न दिसो, २४ तासांनी, ४८ तासांनी आणि सातव्या दिवशी सबकल्चर. प्रत्येक वेळी ब्लड अगार आणि मॅकॉन्की अशा दोन प्रकारच्या प्लेटा, म्हणजे एका निगेटिव्ह बाटलीमागे सहा प्लेटा. शिवाय तीनदा बूच उघडायचं, तीनदा बाहेरचा जंतू शिरायची संधी. मशीन दर दहा मिनिटांनी वाचतं, बाटली हलवत ठेवतं आणि पॉझिटिव्ह येईपर्यंत कुणी हात लावत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू असतील तर बहुतेक वेळा २४ तासांच्या आत पॉझिटिव्हची बीप येते.

आता खरी चीड. बाटल्या येतात ३-४ मिली रक्ताच्या! मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिली हवं. मोठ्यांच्या रक्तात कित्येकदा एका मिलीमध्ये एखादाच जंतू असतो. ३ मिलीत तो आलाच नाही तर कितीही महागडं मशीन काय शोधणार? बाटलीतल्या व्हॅक्यूमच्या भरवशावर राहू नका, ती १० मिलीच्या पुढेही ओढते, आणि जास्त रक्त झालं की पांढऱ्या पेशींच्याच कार्बन डायऑक्साइडवर खोटी बीप येते. उपाय फुकटचा आहे. वॉर्डात पाठवण्याआधी बाटली वजन करून आकडा लेबलवर लिहा, परत आल्यावर पुन्हा वजन करा. १० मिली रक्त म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम. ब्रॉथच्या पातळीपासून १० मिलीची खूण मार्करने करा, बारकोड मात्र झाकू नका. वॉर्डनिहाय सरासरी दर महिन्याला सिस्टरांना दाखवा. दोन हातांतून बाटल्यांचे दोन संच मागा. बुचाच्या रबरावर ७० टक्के अल्कोहोल लावून वाळू द्या.

दिंडोरी, सिन्नरहून येणाऱ्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून पाठवतात, ते बंद करा. न्यूमोकोकस, हिमोफिलस हे जंतू थंडीत मरतात. खोलीच्या तापमानावर, पण उन्हात तापलेल्या गाडीत नाही.

रात्री दोनला बीप आली आणि ग्रॅम स्टेन (जंतू स्लाइडवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) सकाळी नऊला झालं, तर मशीनने वाचवलेले सात तास वाया गेले. न्यूमोकोकस तर तोवर बाटलीतच विरघळू लागतो. स्लाइडवर दिसतो, प्लेटवर उगवत नाही. रात्रपाळीला स्लाइड वाचणारा माणूस नसेल, तर आधी त्याची सोय करा, मशीनची ऑर्डर नंतर द्या. जुन्या ब्रॉथच्या वीसेक बाटल्या आम्ही अजून तयार ठेवतो, मशीन बंद पडलं तर लागतात.