नागपूरच्या उन्हात दीड टनी इन्व्हर्टर एसी: चांगलाय, पण कूलर विकू नका

वर्धा रोडला बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, गच्ची थेट डोक्यावर. बेडरूमला दीड टनचा ५ स्टार इन्व्हर्टर स्प्लिट लावला, त्याचा रिव्ह्यू. ब्रँड सांगत नाही कारण या किमतीत सगळे उन्नीस-बीसच आहेत, फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी आणि त्या शोरूमवाला सांगत नाही.

एसीवर जी कूलिंग कपॅसिटी, म्हणजे गार करण्याची ताकद (टनात), लिहिलेली असते ती बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेली असते. ३५ म्हणजे आपल्याकडे होळीच्या आसपासची दुपार! मे २०१३ मध्ये याच गावाने ४७.९ बघितलंय. पारा ४५ च्या वर गेला की आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या युनिटला, उष्णता बाहेर फेकणंच जड जातं आणि दीड टन काही दीड टन राहत नाही. म्हणून स्टार किती ते नंतर विचारा, आधी विचारा बाहेर किती टेम्परेचरपर्यंत चालतो ते. आमचा ५२ वाला आहे, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी लावला तरी ट्रिप झाला नाही, इथे पैकीच्या पैकी मार्क.

आता खरी गंमत. सुरुवातीला रात्री दहाला लावला तरी रूम गार व्हायला ताटकळत बसावं लागायचं, बायको म्हणे परत कर. पण दोष एसीचा नव्हताच हो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडत असतो, एसी हवा गार करतो आणि छत ती परत तापवतं. सोसायटीत थोडी भांडाभांडी करून गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारून घेतला, नव्या एसीच्या मानाने खर्च किरकोळ, आणि तोच एसी २६ वर ठेवून वर पंखा हळू सोडला तरी पांघरूण घ्यावं लागतं. १८ वर ठेवल्याने लवकर गार होतं हा गैरसमज आहे, कॉम्प्रेसर तेवढाच पळतो, फक्त थांबत नाही.

इन्स्टॉलेशनला मात्र ५ पैकी २. 'फ्री इन्स्टॉलेशन' म्हणून आले आणि स्टँड, जास्तीचा कॉपर पाइप, भिंतीचं होल सगळ्याचे वेगळे पैसे. पाइप कमी लागतो म्हणून आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर ठोकायला निघाले होते, म्हणजे दुपारी दोनपासून थेट ऊन. अडवलं आणि उत्तरेला लावून घेतला. आणि पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावा म्हटलं तर "भाऊ, गॅस सोडून हवा काढून टाकतो ना, काही होत नाही." होतं! आत हवा आणि ओलावा राहिला की कूलिंग पण कमी आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य पण. पंप आणेपर्यंत बसवून ठेवलं त्यांना, चहा पाजला.

बिलाचं सांगायचं तर फुल लोडवर तासाला साधारण दीड युनिट, रूम गार झाली की बरंच कमी. लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात ते १६०० तासांचे धरलेले असतात, तुम्ही किती तास चालवणार त्या हिशोबाने बघा, आणि ३०० युनिटच्या पुढे गेलात की रेटही चढतो.

म्हणूनच हॉलमधला लोखंडी कूलर अजून तसाच आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दुपारी मस्त काम करतो आणि वीज एसीच्या कितीतरी कमी खातो. फक्त दोन्ही एकाच खोलीत एकदम लावू नका, शेजारचे काका लावतात! कूलर हवेत ओलावा सोडणार आणि एसी तो काढण्यात वीज जाळणार. जूनमध्ये पहिला पाऊस पडून उकाडा सुरू झाला की मग कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा एसीशिवाय इलाज नाही.

फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली धुवा, आपल्याकडे धूळ भरपूर. आणि पुढच्या वर्षी सर्व्हिसवाला "गॅस कमी झालाय" म्हणाला तर लगेच पैसे काढू नका. गॅस बंद सर्किटमध्ये असतो, पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झालाच असेल तर कुठेतरी लीक आहे, आधी तो दाखवायला सांगा आणि मगच भरून घ्या.