स्टारड्यू, सिम्स की अॅनिमल क्रॉसिंग: आधी कुठला गेम घ्यावा?

घराचा हप्ता, वीजबिल, भाजीचे भाव. दिवसभर ज्यांनी जीव मेटाकुटीला येतो, तेच रात्री गेममध्ये कशाला, असं आई मला अजून विचारते. पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण मुलांना खेळता खेळता पैशाचा धडा मिळावा म्हणून पैसे मोजून एकच गेम घेणार असाल तर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम घ्या, हे मात्र ठामपणे सांगतो.

एरिक बॅरोन या एकट्या माणसाने जवळजवळ साडेचार वर्षं खपून तो बनवला. चित्रं, संगीत सगळं त्याचंच. २०१६ साली आला. सुरुवातीला हातात ५०० नाणी आणि पार्स्निप या गाजरासारख्या कंदाच्या १५ बिया. पार्स्निपचं बी २० ला मिळतं, चार दिवसांत पीक ३५ ला जातं. फ्लॉवरचं बी ८० ला, विक्री १७५ ला. नफा दिसतो तो फ्लॉवरमध्ये, पण पैसा १२ दिवस जमिनीत अडकतो आणि ऋतू असतो फक्त २८ दिवसांचा. पहिल्या वसंतात १८ तारखेला मी होतं नव्हतं ते घालून २० फ्लॉवर लावले. रोज झारीने पाणी. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी दार उघडलं तर अख्खा वाफा वाळलेला. १६०० नाणी मातीत! बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. गेम सेव्ह होतो तो झोपल्यावरच, त्यामुळे चूक पुसायची तर तो अख्खा दिवस पुन्हा खेळायचा. माझी चूक तर दहा दिवस जुनी होती. हा गेम मोबाइलवरही चालतो.

सिम्स ४ चा मूळ गेम २०२२ पासून फुकट आहे, म्हणून आधी तो उतरवून बघायला हरकत नाही. पुढची पॅक्स, म्हणजे जादा भाग, मात्र विकत, आणि ती खिसा रिकामा करतात. इथे आपण उंटावरून शेळ्या हाकतो: भूक, झोप, अंघोळ, शौच, करमणूक, गप्पा, सगळं 'सिम'ला, म्हणजे गेममधल्या माणसाला, वेळेवर मिळालं पाहिजे. स्वयंपाक न येणाऱ्याला शेगडीपाशी उभं केलं की आग लागू शकते. पैशाचा धडा मात्र पोकळ. 'मदरलोड' हा चीट कोड टाइप केला की ५०,००० जमा, मग बिलांची भीती कुणाला? मला त्याचा खरा उपयोग घर मांडायला झाला. आमचा वन बीएचके त्यात उभा केला, तेव्हा दिसलं की सोफा आणि डायनिंग टेबल दोन्ही ठेवले तर बाल्कनीत जायला वाटच उरत नाही. टेबल घेतलं नाही.

अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्सला निंटेंडो स्विच (गेम खेळायचं मशीन) लागतो. तो घरात असेल तरच विचार करा, या एका गेमसाठी मशीन घेऊ नका. गेममधला व्यापारी टॉम नूक घरासाठी ९८,००० बेल्सचं (तिथल्या नाण्यांचं) कर्ज देतो, बिनव्याजी आणि बिनमुदतीचं. असा सावकार बघून मुलांचा कर्जाबद्दल भलताच समज होईल. त्यापेक्षा सलगमचा व्यापार खरा. गेम खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो: रविवारी घ्यायचे, भाव दिवसातून दोनदा बदलतो, पुढच्या रविवारी उरलेला माल सडतो. मशीनचं घड्याळ मागे फिरवून चलाखी केली तरी सडतो. मुलं रविवारी न उठवता उठतील, कारण सलगमवाली दुपारी बारा वाजता निघून जाते.