चौकातले एमडी की मोठ्या रुग्णालयातले डीएम?

घरात साठी ओलांडलेलं माणूस, मधुमेह आणि बीपी दोन्ही, जुन्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखाना आवरता घेतलेला. अशा वेळी पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात साधारण दोन नावं पुढे येतात. एक म्हणजे चौकात स्वतःचं छोटं नर्सिंग होम चालवणारे एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. दुसरे मोठ्या रुग्णालयातले पूर्णवेळ कन्सल्टंट, डीएनबी मेडिसिन (एमडीच्या बरोबरीची पदवी) करून पुढे डीएम एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे मधुमेह आणि ग्रंथींच्या आजारांची त्यावरची पदवी केलेले. बहुतेक घरांत निवड होते ती पाटीवरच्या अक्षरांवरून. माझ्या मते अक्षरांची तपासणी पाच मिनिटांत उरकावी आणि खरी चौकशी करावी ती रात्री दोन वाजता पेशंटजवळ कोण असतं याची.

आधी अक्षरं. एमडी आणि डीएनबी यांत कमीजास्त करत बसू नका. दोन्ही एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे आणि दोन्ही मान्य. एमडी वैद्यकीय महाविद्यालयात होते. महाराष्ट्रात अभिमत विद्यापीठं सोडली तर ही पदवी आता नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. ते १९९८ साली सुरू झालं, त्यामुळे त्याआधीच्या डॉक्टरांच्या भिंतीवर मुंबई, पुणे अशा एखाद्या जुन्या विद्यापीठाचं प्रमाणपत्र दिसेल. डीएनबीची परीक्षा दिल्लीचं राष्ट्रीय मंडळ घेतं आणि प्रशिक्षण बऱ्याचदा ट्रस्टच्या किंवा खासगी रुग्णालयात होतं. सरकारी कॉलेजातल्या एमडीने वॉर्डात गर्दी जास्त पाहिलेली असते, हे खरं. पण वीस वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर तो फरक पुसला जातो.

गडबड होते ती ‘एमडी’ या अक्षरांपुढे काय लिहिलंय ते न वाचल्यामुळे. आयुर्वेदात आणि होमिओपॅथीतही एमडी असते. फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात) एमडी केलेले डॉक्टरही एमडीच, पण त्यांनी वॉर्डात पेशंट सांभाळण्याचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेलं नसतं. आणि रशिया, जॉर्जियासारख्या देशांत मिळणारी ‘एमडी फिजिशियन’ ही पदवी आपल्याकडच्या एमबीबीएसच्या बरोबरीची धरतात. ती घेऊन आलेल्या डॉक्टरने इथली चाळणी परीक्षा पास केलेली असेल तर तो रीतसर डॉक्टर आहे. मेडिसिनमधला तज्ज्ञ मात्र नाही.

‘मधुमेहतज्ज्ञ’ या शब्दाचंही तसंच. डीएम एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे एमडी किंवा डीएनबीनंतर आणखी तीन वर्षं. याउलट पाटीवर दिसणारे काही मधुमेहाचे सर्टिफिकेट कोर्स महिन्यातून एखाद्या दिवसाच्या वर्गांचे असतात. असा कोर्स केलेला चांगला एमडी मला चालेल. नुसत्या एमबीबीएसवर तो कोर्स आणि वर मोठ्या अक्षरांत ‘डायबेटॉलॉजिस्ट’, तर मी दोनदा विचार करीन. एफआरसीपी (ब्रिटनची फेलोशिप) वगैरे मान-सन्मान छान, पण निवडीच्या कामाचे नाहीत.

तपासायचं कसं? महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर छापणं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. पुष्कळ क्रमांकांच्या सुरुवातीलाच वर्ष असतं, म्हणजे नोंदणी कधीची ते लगेच कळतं. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधा आणि दोनच गोष्टी पाहा: पदव्युत्तर पदवी ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून नोंदलीय का, आणि नूतनीकरण चालू आहे का. ते दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांतून ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात.

इथपर्यंत दोघंही पास झाले असं धरू. आता प्रॅक्टिस.

चौकातल्या एमडींकडे डॉक्टर एकच, हेच त्यांचं बळ आणि हीच त्यांची मर्यादा. ओपीडीत तेच, राउंडला तेच, फोनवरही बहुतेकदा तेच. घोट्यांवर सूज आली तर कोणती बीपीची गोळी बदलायची हे त्यांना केस पेपर न उघडता आठवतं. पण ते गावाला गेले की काय? रात्री तिथे आरएमओ (निवासी डॉक्टर) असतो, आणि आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये तो पुष्कळदा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतो. ही लपवाछपवीची गोष्ट नाही, सरळ विचारा: रात्री कोण असतं, तुम्ही किती वेळात पोचता, व्हेंटिलेटर लागला तर कुठे हलवता? तिसऱ्या प्रश्नाला ठराविक रुग्णालयाचं नाव लगेच आलं तर बरं. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर मी बिचकेन.

मोठ्या रुग्णालयात आयसीयू, लॅब, डायलिसिस एकाच छताखाली, आणि विम्यातून कॅशलेसची शक्यता जास्त. मात्र डीएम साहेबांची अपॉइंटमेंट मिळाली तरी आधी ज्युनिअर हिस्टरी घेतो, आणि दर वेळी ज्युनिअर वेगळा. दाखल झालात तर कुणाच्या नावाखाली, हे दाखल होतानाच विचारून घ्या. न्यूमोनियासाठी गेलेला मधुमेही पेशंट एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या नव्हे, इंटर्नल मेडिसिनच्या किंवा छातीच्या डॉक्टरच्या नावाखाली जातो, आणि तुमचे डॉक्टर ‘रेफरन्स’ म्हणून एकदा डोकावतात. त्या भेटीचंही बिल वेगळं लागतं. डॉक्टर पूर्णवेळ आहेत की ठराविक वारी येणारे व्हिजिटिंग, हेही रिसेप्शनवर विचारा. व्हिजिटिंग असतील तर तातडीच्या वेळी ते दुसऱ्याच रुग्णालयात अडकलेले असू शकतात.

दरांची तुलना ओपीडीच्या फीवर करू नका. फरक पडतो तो तपासण्यांत आणि दाखल झाल्यावर. महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे नर्सिंग होमने ठराविक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. ती दोन्हीकडे आहे का, नजर टाका.

माझा कौल असा. शुगर गोळ्यांवर आटोक्यात, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक, बीपी स्थिर, तर चौकातले एमडी, डोळे मिटून. इन्सुलिन असूनही एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) खाली येत नाही, वारंवार शुगर एकदम उतरते, किंवा मूत्रपिंडावर परिणाम दिसू लागलाय, तर डीएम. तेही चौकातल्यांना सोडून नव्हे, त्यांच्याच चिठ्ठीवर. चिठ्ठी द्यायला जे एमडी कुरकुर करतात ते माझ्या यादीतून बाद, आणि तुमच्या जुन्या गोळ्यांचा कागद न वाचता सगळं नव्याने लिहिणारे डीएमसुद्धा.

डॉक्टर बदलताना जुन्या रुग्णालयाकडे इनडोअर (दाखल असतानाच्या) कागदांची प्रत मागा. २००२ च्या त्याच आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ती द्यायची असते, आणि कागद तीन वर्षं जपायचे असतात. त्याहून जुनी अ‍ॅडमिशन असेल तर घरातल्या फाइलमधलं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा.