स्टॉकहोम दर्शन: तीन दिवसांत काय पाहावं आणि काय सोडावं

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेलं आहे. एका बाजूला मेलारेन सरोवराचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला बाल्टिकचा समुद्र आणि दोन्ही जिथे भेटतात तिथेच जुनं शहर. इथे पाहण्यासारखं खूप आहे, पण बरेच पर्यटक चुकीच्या गोष्टीवर पैसे आणि वेळ घालवतात. या शहरातलं सर्वांत उपयोगी स्थळदर्शनाचं तिकीट कुठल्याही टूर कंपनीचं नाही. ते आहे एसएल या सार्वजनिक वाहतूक संस्थेचं ७२ तासांचं तिकीट. त्यात मेट्रो, बस, ट्राम, उपनगरी गाड्या आणि यूर्गोर्डेन बेटाकडे जाणारी फेरीबोट, सगळं येतं. साधं तिकीट ७५ मिनिटं चालतं. ७२ तासांच्या तिकिटाची किंमत अशा आठ-नऊ सुट्या तिकिटांएवढी होते, म्हणजे दिवसाला तीन फेऱ्या झाल्या की पैसे वसूल. सुटा प्रवास करायचा असेल तर मेट्रोच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं. मात्र एका कार्डावर एकाच माणसाचं तिकीट निघतं. जोडप्याने किंवा कुटुंबाने जायचं असेल तर प्रत्येकाचं वेगळं कार्ड हवं, नाहीतर एसएलच्या ॲपमधून तिकिटं काढावीत.

विमानतळापासूनच या तिकिटाचा उपयोग सुरू होतो. अरलांडाहून शहरात आणणारी अरलांडा एक्सप्रेस १८ मिनिटांत पोचवते, पण ती महाग आहे. उपनगरी गाडी थेट विमानतळाखालच्या स्टेशनातून सुटते, मात्र त्या स्टेशनातून ये-जा करायला तिकिटावर वेगळं शुल्क भरावं लागतं. ते टाळायचं असेल तर टर्मिनलबाहेरून ५८३ क्रमांकाची बस घेऊन मेर्स्ताला यावं आणि तिथून उपनगरी गाडी पकडावी. या मार्गावर साधं एसएल तिकीट पुरतं. वेळ तासाभरापेक्षा थोडा जास्त लागतो. रात्री उशिरा उतरणाऱ्याने किंवा जड सामान असणाऱ्याने या भानगडीत पडू नये, इतरांनी जरूर पडावं.

आता मुख्य गोष्ट, वासा संग्रहालय. शहरात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर ते इथे काढावं. १० ऑगस्ट १६२८ ला वासा ही युद्धनौका पहिल्याच सफरीवर निघाली आणि साधारण १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाली. राजा गुस्ताव अडॉल्फला ताकदवान जहाज हवं होतं, म्हणून तोफांचे दोन मजले आणि ६४ तोफा चढवल्या गेल्या. वरचा भार वाढला, पण तळातलं वजन त्याला पुरेसं ठरलं नाही. बंदरातून निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या काठाकडून त्या काठाकडे पळवून स्थिरतेची चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलू लागलं की तीन फेऱ्यांनंतर ती थांबवावी लागली. तरी जहाज निघालं. वाऱ्याच्या झोताने ते एका कुशीवर कललं, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी शिरलं आणि खेळ संपला. जहाजावर चार मापपट्ट्या सापडल्या. काही स्वीडिश फुटाच्या होत्या आणि काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. कारागिरांच्या दोन गटांनी दोन मापांनी काम केलं, त्यामुळे नौकेच्या दोन बाजू पूर्ण सारख्या नाहीत.

बाल्टिक समुद्राचं पाणी इतर समुद्रांपेक्षा कमी खारट आहे, त्यामुळे लाकूड पोखरणारा जहाजकिडा तिथे तग धरत नाही. म्हणून ३३३ वर्षं पाण्याखाली राहूनही नौका टिकली. २४ एप्रिल १९६१ ला ती वर काढली गेली. त्यानंतर १७ वर्षं तिच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारले गेले, म्हणजे लाकडातलं पाणी हळूहळू निघून त्या जागी हे रसायन भरलं आणि लाकूड आकसलं नाही. सध्याची इमारत १९९० मध्ये उघडली. समोर उभी असलेली नौका ९८ टक्के मूळची आहे. ६९ मीटर लांब आणि शिडांच्या खांबांसकट सुमारे ५२ मीटर उंच.

पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. दारातून आत शिरताच सगळे तिथेच थांबून फोटो काढतात आणि गर्दी साचते. त्याऐवजी आधी छोटी माहितीफीत पाहावी, मग सरळ वरच्या मजल्यांवर जावं. नौकेचा मागचा भाग, सिंह, योद्धे आणि राजचिन्हांच्या कोरीवकामाने मढलेला, वरूनच नीट दिसतो. आज ते सगळं काळपट तपकिरी आहे, पण मूळचे रंग भडक होते. एक-दशांश आकाराच्या प्रतिकृतीत ते दाखवले आहेत, ती आधी पाहिली की खऱ्या लाकडाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. शेवटी सगळ्यांत खाली उतरून नौकेच्या पोटाखालून चालावं. तिथे बुडालेल्या माणसांचे सांगाडे आणि त्यांचे बूट, चमचे, पेट्या मांडल्या आहेत. नौकेला आधार देणारा नवा पोलादी सांगाडा बसवण्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालं असून ते काही वर्षं चालणार आहे, त्यामुळे तळाशी कामगार आणि अवजारं दिसू शकतात. त्याने काही बिघडत नाही, उलट जतनाचं काम समोर घडताना पाहायला मिळतं.

नौकेवर चढता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. आत प्रकाश मुद्दाम मंद ठेवला आहे आणि हवा थंड असते, त्यामुळे उन्हाळ्यातही अंगात एक जाडसर कपडा असू द्यावा. १८ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. उन्हाळ्यात क्रूझ जहाजांचे गट साधारण ११ ते २ या वेळात येतात, म्हणून दार उघडताच पोचावं किंवा शेवटचे दोन तास धरावेत. कमीत कमी अडीच तास द्या. तासाभरात उरकणाऱ्यांनी फक्त फोटो काढलेले असतात.

यूर्गोर्डेनला टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती मेट्रो स्टेशनाजवळून ७ क्रमांकाची ट्राम जाते आणि बहुतेक जण तीच धरतात. पण स्लुसेनहून सुटणारी ८२ क्रमांकाची फेरीबोट त्याहून किती तरी चांगली. तीही एसएलच्याच तिकिटावर. दहा-पंधरा मिनिटांच्या प्रवासात राजवाडा, शेप्सहोल्मेन बेट आणि ग्रोना लुंड जत्रेचे उंच पाळणे पाण्यातून दिसतात. महागडी बोट-सहल परवडत नसेल तर हीच बोट दोनदा घ्या, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी. स्लुसेनला अनेक वर्षं मोठं बांधकाम चालू आहे, त्यामुळे धक्क्याकडे जाणारी वाट बदलत राहते. जुन्या नकाशावर विसंबू नका, तिथल्या पाट्या पाहा आणि दहा मिनिटं हाताशी ठेवा.

त्याच बेटावर स्कान्सेन आहे. आर्टुर हाझेलियसने १८९१ मध्ये उघडलेलं हे जगातल्या सर्वांत जुन्या खुल्या संग्रहालयांपैकी एक. देशभरातून उचलून आणलेली सुमारे १५० घरं, पवनचक्क्या, शेतघरं, चर्च, शिवाय अस्वल, मूस हरीण, लांडगा यांसारखे उत्तरेकडचे प्राणी. मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस आनंदात जातो. मात्र हिवाळ्यात बरीचशी घरं बंद असतात आणि काच फुंकणारे, पाव भाजणारे कारागीरही कमी असतात. थंडीत फक्त घरांसाठी जात असाल तर पैसे वाचवा. डिसेंबरचा नाताळ बाजार मात्र अपवाद. अब्बा या पॉप बँडचं संग्रहालय त्यांच्या गाण्यांच्या चाहत्यांसाठी उत्तम आहे, इतरांना तिकीट जड वाटेल.

मेट्रोकडे आता वळूया, कारण या शहरात तिकिटाच्या किमतीत एवढं भरभरून देणारं दुसरं काही नाही. शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून अधिक स्टेशनांत कलाकृती आहेत. ब्लू लाइन खोल खडकात खोदलेली आहे. खडक सपाट न करता त्यावर काँक्रीटचा थर फवारला आणि त्यालाच रंगवलं, म्हणून स्टेशनं गुहांसारखी दिसतात. सुरुवात टी-सेंट्रालेनला करावी, पण इथे एक नेहमीची फसगत होते. रेड आणि ग्रीन लाइनच्या फलाटांवर साध्या फरश्या आहेत. प्रवासी तिथे उतरून पाहतात आणि निराश होऊन परत फिरतात. प्रसिद्ध निळ्या वेली ब्लू लाइनच्या, आणखी खोल असलेल्या फलाटांवर आहेत. पेर ओलोफ उल्टवेड्टने त्या १९७५ मध्ये रंगवल्या. भिंतींवर स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या आकृतीही आहेत, त्या शोधून पाहा.

तिथून पूर्वेला एक स्टेशन गेलं की कुंगस्त्रेडगोर्डेन. लाल, पांढरा, हिरवा असा रंगीत दगडी पसारा आणि त्यात जमिनीवर पूर्वी उभ्या असलेल्या माकालोस महालाच्या कोरीव शिल्पांच्या प्रतिकृती. मग उलट दिशेला रोडहुसेत, आणि ११ क्रमांकाच्या गाडीने सोलना सेंट्रुम. इथलं लाल आकाश आणि हिरव्या जंगलाची रेघ फोटोत सगळीकडे दिसते, पण चित्रात गावं ओस पडणं आणि झाडं तुटणं हा १९७०च्या दशकातला विषय आहे, म्हणून सावकाश चालत पाहा. फोटो सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकावरून चांगला येतो. ११ नंबर सोडून १० नंबरमध्ये बसलात तर गाडी वेस्ट्रा स्कूगेननंतर दुसरीकडे वळते, म्हणून डब्यावरचा आकडा बघूनच चढावं. शेवटी रेड लाइनवर स्टाडिऑनचं इंद्रधनुष्य आणि पुढचं टेक्निस्का होगस्कूलान. गेटबाहेर पडायचं नाही, आणि ७२ तासांचं तिकीट असेल तर वेगळं काही काढावं लागत नाही. दोन तास पुरतात. सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ टाळा, फलाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि नोकरदारांच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभं राहणं चांगलं नाही.

शहर सभागृह, स्टाट्सहुसेत, फक्त मार्गदर्शित फेरीतच आतून पाहता येतं. रांगेत उभे राहून जागा संपल्याचं कळलं तर दिवस वाया जातो, तेव्हा सकाळच्या फेरीसाठी आधीच वेळ ठरवा. राग्नार ओस्टबेरीने रचलेली ही इमारत १९२३ मध्ये पूर्ण झाली. नोबेल मेजवानी होते तो विटांचा निळा हॉल आणि १ कोटी ८० लाखांहून अधिक मोझाइक तुकड्यांचा सुवर्ण हॉल, हे दोन्ही त्या फेरीत येतात. डिसेंबरमध्ये मेजवानीच्या तयारीमुळे काही दिवस आत प्रवेश नसतो. १०६ मीटर उंच मनोऱ्याचं तिकीट वेगळं, तो फक्त मे ते सप्टेंबर खुला असतो आणि एका वेळी थोडीच माणसं सोडतात. ३६५ पायऱ्या आहेत, निम्म्या वाटेपर्यंत लिफ्टही आहे. गुडघे दुखत असतील तर मनोऱ्यासाठी हट्ट नको. सॉडरमाल्म बेटावरचा मोन्टेलियुसवेगन हा टेकडीकाठचा रस्ता विनातिकीट आहे, आणि तिथून सभागृह, सरोवर आणि जुनं शहर एकाच नजरेत दिसतं. सूर्यास्ताच्या तासभर आधी जा.

गामला स्टान, म्हणजे जुनं शहर, सगळ्यांनाच पाहायचं असतं. वेस्टरलाँगगातान ही मुख्य गल्ली चुंबकं आणि टोप्यांच्या दुकानांनी भरली आहे, तिथे थांबू नका. समांतर जाणाऱ्या प्रेस्टगातानने चाला. ती शांत आहे आणि तिच्या एका कोपऱ्यावर भिंतीत चक्क जुनी रूनशिळा, म्हणजे प्राचीन रून लिपी कोरलेला दगड, बसवलेली आहे. मोर्टेन त्रोत्सिग्स ग्रेंड ही ३६ पायऱ्यांची गल्ली टोकाशी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद होते. पलीकडून कुणी येत असेल तर वर किंवा खाली थांबावं लागतं. स्टोरटोर्येत चौकातली रंगीत घरं फोटोसाठी सुंदर आहेत, पण १५२० मध्ये याच चौकात डेन्मार्कच्या राजाने ऐंशीच्या आसपास माणसांना ठार केलं होतं. राजवाड्यात ६०० हून अधिक खोल्या आहेत. सगळे भाग पाहण्यात अर्धा दिवस जातो, आणि वासासाठी वेळ कमी पडत असेल तर तो सोडावा. पहारा बदलण्याचा सोहळा फुकट असतो: उन्हाळ्यात सोमवार ते शनिवार सव्वाबारा आणि रविवारी सव्वा वाजता. वीस मिनिटं आधी पोचा, नाहीतर समोरच्यांच्या पाठी दिसतील. हिवाळ्यात आठवड्यातले काही दिवसच होतो.

तिसऱ्या दिवशी शहराबाहेर एक तरी ठिकाण धरा. स्कूग्सचुर्कोगोर्डेन ही गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेन्ट्झ यांनी रचलेली दफनभूमी १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ग्रीन लाइनच्या १८ नंबरने सुमारे पंधरा मिनिटांत पोचता येतं. पाइनची झाडं, मोकळं कुरण आणि एक भव्य दगडी क्रूस. प्रवेश मोफत. तिथे अजूनही दफन होतात, म्हणून मोठ्याने बोलू नका आणि शोकात असलेल्यांचे फोटो घेऊ नका. राजवाड्यांची आवड असेल तर त्याऐवजी द्रोटनिंगहोल्म निवडा. तिथलं १७६६ सालचं नाट्यगृह मूळ रंगमंच यंत्रणेसकट टिकून आहे. उन्हाळ्यात शहर सभागृहाच्या धक्क्यावरून बोट जाते. पैसे वाचवायचे तर ब्रोमाप्लानपर्यंत मेट्रो आणि पुढे बस.

रोख रक्कम फारशी बाळगू नका, बहुतेक ठिकाणी फक्त कार्ड चालतं, सार्वजनिक स्वच्छतागृहांतही. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, बाटली भरून घ्या. जेवणासाठी आठवड्याच्या दिवशी ११ ते २ या वेळात 'डागेन्स रेट' मागा. मुख्य पदार्थ, सॅलड, पाव आणि कॉफी एकाच किमतीत मिळते, रात्री तेच जेवण जवळपास दुप्पट पडतं. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी असतो. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो, तेव्हा बाहेरचं सगळं सकाळी अकरा ते दोनमध्ये आटोपून संग्रहालयं दुपारनंतर ठेवा. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. मात्र मिडसमर या उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी, म्हणजे १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी, बरीच संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात. त्या दिवशी शहरात असाल तर मोकळं राहणारं ठिकाण म्हणजे स्कान्सेन, तिथे मोठा सण साजरा होतो.