दोन प्रती, झेरॉक्स नव्हे

हा आमच्या मेडिकल दुकानाचा रिव्ह्यू, पण दुकानाचं नाव लिहीत नाही. दादर पूर्वेचं नायगाव (वसईजवळचं नव्हे), एवढं पुरे. नाव टाकलं तर मी कोण आणि माझा लेक कोण, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल.

दुकान म्हणजे दहा फुटांचं काउंटर, वर घरघरणारा पंखा आणि पाटीवर ‘अँड सन्स’. सन्सपैकी एक दुबईला, दुसऱ्याला दुकानात रस नाही. दुकान चालवते ती सून. बी. फार्म. झालेली, तिचं रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट गणपतीच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. सासरे गल्ल्यावर बसतात आणि मोठ्यानं बोलतात. त्या मोठ्यानं बोलण्याबद्दल पुढे सांगते.

लेक ९ वर्षांचा, चौथीत. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, सतत चुळबुळ. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यावरची गोळी, मिथाइलफेनिडेट, लिहून दिली आणि ते मिळवता मिळवता आमचा घाम निघाला. ॲपवर ‘उपलब्ध नाही’. नवरा सुट्टी टाकून प्रिन्सेस स्ट्रीटला गेला, तर एका दुकानदारानं ‘पोरांना असल्या गोळ्या कशाला देता’ म्हणून त्यालाच सुनावलं. शेवटी मिळाली ती घरापासून चार मिनिटांवर.

तिथेही पहिल्या दिवशी मी भांडले. हे औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे ज्यांच्या विक्रीवर सर्वांत कडक नियम आहेत त्या सरकारी यादीतलं. विकायला वेगळं लायसन्स लागतं, माल कुलपात ठेवावा लागतो, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं आणि त्यातली एक प्रत दुकानदार दोन वर्षं स्वतःकडे ठेवतो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, “समोरून झेरॉक्स काढून आणते ना.” सून म्हणाली, “झेरॉक्स नको ताई, दोन्हीवर डॉक्टरांची सही लागेल.” आमचे डॉक्टर मुलुंडला. जाऊन-येऊन दोन तास, वर त्यांच्याकडे वाट बघायची ती वेगळीच. त्या दिवशी मी घरी येऊन या दुकानाला एक तारा द्यायचं ठरवलं होतं.

जुलैत मत बदललं.

डोस जूनअखेरीस वाढला होता, सकाळी ५ मिलिग्रॅमवरून १०. शाळेतून तक्रारी कमी झाल्या, आम्ही खूश. मग एका रात्री लेक म्हणाला, “आई, भिंतीवर मुंग्या आहेत.” आता पावसाळ्यात चाळीच्या भिंतीवर मुंग्या असणारच! मी उठून पलंगाभोवती लक्ष्मणरेषेचा खडू ओढला आणि झोपले. दुसऱ्या रात्री म्हणाला, रेषा ओलांडून येतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गणिताच्या वहीवर दिसल्या, मग हातावर. तो हात झटकत होता, आणि मी तो हात माझ्या हातात धरून बघत होते. काहीच नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी अडवलं नाही, निदान घरात कुणीतरी काहीतरी करत होतं.

डॉक्टरांचा फोन बंद. साडेआठ वाजले होते. मी पळत मेडिकलमध्ये गेले आणि विचारलं, “ही गोळी उद्यापासून बंद करू का?”

सून म्हणाली, “ते मी नाही सांगणार. ते डॉक्टरच सांगतील.” मला वाटलं, झालं, हीही हात झटकतेय. पण तिनं मला बाजूला बाकड्यावर बसवलं आणि एकेक विचारत गेली. कधीपासून? डोस कधी वाढला? ताप आहे का? मुलगा ओळखतोय ना, नीट बोलतोय ना? रात्रीच दिसतं की दिवसाही? आणि मग, “याच्याशिवाय अजून काय देताय?”

अजून काय? काही नाही. बरं, सर्दीचं सिरप, पण ते काय औषध आहे? गेल्या वर्षीची बाटली, चार दिवस रात्री देत होते.

“बाटली आणा.”

आणली. तिनं मागचं बारीक अक्षर वाचून बोट ठेवलं, क्लोरफेनिरामीन. म्हणाली, हे जास्त पडलं तर मुलांना यानंही भास होऊ शकतात. “कुठल्या चमच्यानं देता?” घरातल्या. आमटीच्या. बाटलीबरोबरचं छोटं माप गेल्या वर्षीच हरवलं होतं. आणि घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं की मी दिल्यानंतर सासूबाईही एक चमचा देत होत्या, खोकला ऐकून. कुणावर चिडायचं?

बाटलीचा आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवायला तिनंच सांगितलं. बिलाच्या मागे १४४१६ लिहून दिलं. टेलि मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात. आणि बजावलं की ताप चढला, गुंगी आली किंवा तुम्हाला ओळखेनासा झाला तर फोनबिन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. हेल्पलाइन लावायची वेळ आली नाही, दहा वाजता डॉक्टरांचाच फोन आला. त्यांनी सिरप बंद, सकाळची गोळीही तूर्त बंद, परवा घेऊन या, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मुंग्या गेल्या. कशामुळे गेल्या? डॉक्टर म्हणाले, दोन्ही एकदम बंद केलं, त्यामुळे आता नेमकं बोट ठेवता येणार नाही. नंतर मी मिथाइलफेनिडेटचं अमेरिकेतलं माहितीपत्रक शोधून वाचलं. काही आठवड्यांच्या चाचण्यांत या जातीची औषधं घेणाऱ्या ३४८२ जणांपैकी ४ जणांना भास वगैरे त्रास झाला, औषधाविना असलेल्या गटात कुणालाच नाही. म्हणजे हजारी एक. नोकरी इन्शुरन्समधली असल्यानं ‘हजारी एक’ म्हणजे किती कमी ते मला कळतं. तो एक आपल्या घरात हात झटकत उभा असला की नाही कळत.

डॉक्टरांचं एक वाक्य वहीत लिहून ठेवलंय. मुंग्या नाहीतच म्हणून वाद घालायचा नाही, आणि हो हो आहेत म्हणून मारत सुटायचंही नाही. (मी खडू ओढला होता, ते सांगितल्यावर ते हसले.) “मला दिसत नाहीत, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय, मी इथेच आहे”, एवढंच म्हणायचं. आणि रोज रात्री ‘मुंग्या दिसल्या का’ असं विचारायचं नाही. हे मला सगळ्यांत जड गेलं. दोन आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम पुन्हा सुरू झालं, सिरप मात्र कायमचं बाद. वहीत गोळीची वेळ, जेवण, झोप आणि त्यानं आपणहून सांगितलेलं, एवढंच लिहिते. बाकीच्या औषधांची यादीही त्याच वहीत, सूनबाईंच्या सांगण्यावरून, अगदी व्हिक्ससुद्धा.

आता पाचवा तारा का कापला ते. मागच्या महिन्यात लेकाला घेऊन गेले होते. काउंटरवर आमच्याच मजल्यावरच्या काकू, मागे आणखी तिघं. आजोबा गल्ल्यावरून आत ओरडले, “अगं, त्या मुलाची मेंदूची गोळी आली का बघ!” काकूंनी लेकाकडे पाहिलं. लेकानं माझ्याकडे. घरी जाताना विचारतो, “माझ्या मेंदूला काय झालंय?” कुलूप गोळीला आहे, आजोबांच्या तोंडाला नाही. सूनबाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्या ओशाळल्या. तेव्हापासून पाकीट आधीच खाकी पिशवीत भरून, वर फक्त नंबर लिहून ठेवतात. आजोबा आता “नंबर सत्तावीस!” असं ओरडतात.

बाकी बारीकसारीक. रविवारी दुपारी एकनंतर बंद. या गोळीवर डिस्काउंट नाही, बाकीच्यांवर दहा टक्के. माल कधी कधी संपतो, म्हणून चार दिवस आधी फोन करून ठेवा. सूनबाई सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहानंतर असतात, मधल्या वेळात फक्त आजोबा. तेव्हा जाऊ नका.