पाचगणीत पॅराग्लायडिंगचं पी-२ केलं, चार दिवसांचं म्हणाले होते पण अडीच महिने लागले

वाईतून धोमच्या रस्त्याला लागलं की हिवाळ्यात वर पाचगणीच्या कड्यापाशी रंगीत पंख तरंगताना दिसतात, गेली दहा-बारा वर्षं बघतेय आणि दर वेळी स्कूटी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबतेच. गेल्या नोव्हेंबरात ठरवलं की आता टँडेममध्ये, म्हणजे पायलटसोबत दोघांच्या पंखावर, पुढे बसून फोटो काढून घ्यायचे नाहीत, स्वतः उडायचं, म्हणजे पॅराग्लायडिंगचं रीतसर रेटिंग घ्यायचं, पी-१ ही त्यातली पहिली पायरी आणि पी-२ दुसरी. सुरुवात करताना मराठीत याबद्दल धड काही वाचायला मिळालं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मी चुकीच्या ठिकाणी गेले होते. नाव लिहीत नाही. फोनवर सांगितलं ४ दिवसात पी-१ पी-२ दोन्ही, सर्टिफिकेटसकट, आणि गेल्यावर बघते तर १४ जण आणि पंख ५, त्यातल्या एकाच्या दोऱ्यांचं वरचं आवरण सोलून आतला पांढरा धागा दिसत होता. दिवसभरात माझ्या वाट्याला पाऊण तास आला. दुसऱ्या दिवशी वारा चांगलाच वाढलेला असताना पण एकेकाला पळवत होते, मी तिथनं परत आले आणि ॲडव्हान्सचे ८ हजार गेले ते गेलेच.

मग ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने आत्ताच्या या स्कूलला आले. दोन इन्स्ट्रक्टर, बॅचला जास्तीत जास्त ६ जण, प्रत्येकाला वजनाप्रमाणे स्वतंत्र पंख, सगळे ईएन-ए म्हणजे शिकाऊ लोकांसाठीच्या वर्गातले. दोन्ही रेटिंगचे मिळून ४० हजार घेतले, राहणं-जेवण वेगळं, पण मी दर वेळी पहाटे पसरणी घाट चढून जायचे त्यामुळे तो खर्च वाचला.

पहिले पाच दिवस उडणं नाहीच! नुसतं ग्राउंड हँडलिंग. माळावर पंख पसरायचा, वाऱ्याकडे पाठ करून ए-रायझर (पंखाच्या पुढच्या दोऱ्या जोडलेले पट्टे) ओढायचे, पंख डोक्यावर आणायचा आणि तिथे उभा ठेवायचा. वाचायला सोपं वाटतं पण पंख डावीकडे कलला की आपलं अंग उलट्या बाजूला जायला बघतं, आणि जायचं असतं पंखाच्या खाली, तो कलतो त्याच बाजूला. पहिल्या दिवशी माझा पंख दोनदा करवंदीच्या जाळीत गेला. तिथला मदतनीस दादा, गावातलाच पोरगा, त्याने मला दोरी ओढू दिली नाही, काटा धरून फांदी वाकवायची आणि दोरी आपोआप सुटेल अशी वाट बघायची, एकेक करून, वीस मिनिटं लागली. म्हणाला "ताई, याच दोऱ्यांवर वर लटकायचंय न्हवं." त्या दिवसापासून मी पंख घडी करायच्या आधी दोऱ्या हातातून सोडवत बघते.

रेटिंगचं थोडं सांगते कारण यात लोकांचा फार गोंधळ असतो. पी-१ ते पी-५ ही अमेरिकन पद्धतीची नावं, हँग ग्लायडिंगला (त्यात पंखाला कडक सांगाडा असतो) तेच एच-१ ते एच-५. पी-१ म्हणजे इन्स्ट्रक्टर समोर असतानाच उडायचं, पी-२ झालं की साध्या वाऱ्यात, ओळखीच्या जागेवर तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर उडू शकता. जगभरातल्या हवाई खेळांची जी संघटना आहे, एफएआय, तिचेही असेच ५ टप्पे आहेत, जमिनीलगत, मग उंचावरून सरळ खाली, मग डोंगराच्या वाऱ्यावर टिकून राहणं, मग त्यातलंच पुढचं, आणि शेवटी क्रॉस कंट्री, म्हणजे निघालेली जागा सोडून लांब उडत जाणं. बाहेरच्या देशातल्या साइटवर गेलात तर बऱ्याच ठिकाणी आयपीपीआय कार्ड (पायलटची पातळी सांगणारं आंतरराष्ट्रीय कार्ड) दाखवायला लागतं, त्यावर हाच टप्पा छापलेला असतो. म्हणजे सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं नसून अनोळखी डोंगरावर समोरच्या माणसाने तुमच्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते त्यावरून ठरतं, आणि म्हणूनच ४ दिवसात वाटणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

थिअरी चांगली घेतली. डोंगराला वारा धडकून वर चढतो ती पट्टी कुठे असते, दुपारी तापल्यावर थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) का फुटतात आणि नवशिक्याने तेव्हा खाली का बसायचं, समोरासमोर आलं तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याचा हक्क पहिला, वळण नेहमी डोंगरापासून लांब. सगळं मराठीत, फळ्यावर काढून. लेखी पेपर पण घेतला, माझे दोन प्रश्न चुकले ते परत समजावूनच सोडलं.

मी ज्याच्यासाठी या स्कूलला पैकीच्या पैकी मार्क देते ती गोष्ट वेगळीच आहे. माझ्या बॅचमधला कराडचा एक मुलगा टेकऑफला उभा होता, हेल्मेट, रेडिओ, सगळं तयार, सरांनी चेक करताना त्याच्या जॅकेटचा घेर वर उचलला तर हार्नेसचं, म्हणजे पायलट ज्यात बसतो त्या पट्ट्यांच्या झोळीचं, डाव्या पायाचं बकल लागलेलंच नव्हतं. सर ओरडले नाहीत. पंख उतरवायला लावला आणि आम्हा सगळ्यांना गवतात खाली बसवलं. मोठे सर पूर्वी हँग ग्लायडर उडवायचे, त्यांनी सांगितलं की तिथे टेकऑफच्या आधी एक जण ग्लायडरचं नाक धरतो आणि पायलट हार्नेसमध्ये आडवा लटकून दाखवतो, म्हणजे हूक खरंच अडकलाय की नाही ते कळतं, आणि हे हजार वेळा उडालेला माणूसही दर वेळी करतो. त्या दिवशी कोणीच उडलं नाही. माझी रजा वाया गेली तरी मला वाईट वाटलं नाही.

"आज नाही" हे वाक्य मी त्या अडीच महिन्यात किती वेळा ऐकलं असेल. घाट चढून यायचं, टेकऑफला बसायचं, सर हातातल्या मीटरवर झुळका मोजणार, १४, १६, मग एकदम २४, आणि चला पोहे खायला. मी दर शनिवार-रविवार जात होते त्यामुळे इतके दिवस लागले, सलग सुट्टी काढली असती तर लवकर झालं असतं.

पहिली मोठी सोलो जानेवारीच्या शेवटी. रेडिओवर सरांचा आवाज, "पळ, पळ, पळत रहा, बसू नको", आणि मग पायाखालची जमीन गेली आणि एकदम शांत. खाली धोमचं पाणी, अंगावर थंड वारा, आणि कानात फक्त दोऱ्यांची बारीक शीळ. ताशी ३५ किलोमीटरने जातोय हे कळतसुद्धा नाही. उतरायच्या आधी इंग्रजी आठाच्या चकरा मारून उंची कमी केली, ज्वारी काढलेल्या रानात उतरले, उभ्या पिकात उतरायचं नाही हा इथला पहिला नियम आहे. बांधावरच्या आजींनी जवळ येऊन हेल्मेटमध्ये डोकावून बघितलं, "आगं बया, बाई हाय की!" म्हणाल्या आणि पाण्याची कळशी पुढे केली.

पी-२ नंतर सरांच्या ओळखीने एकदा ट्राइकमध्ये पण बसून आले, म्हणजे हँग ग्लायडरचा पंख आणि खाली इंजिन लावलेली तीनचाकी, मागच्या सीटवर मी. तिथे दांडा आपल्याकडे ओढला की वेग वाढतो, ढकलला की नाक वर जाऊन वेग कमी होतो, आणि जमिनीवर पुढचं चाक पायाने वळवायचं तर उजवा पाय दाबला की डावीकडे जातं. हा पंख रोगॅलो नवरा-बायकोनी १९४८ साली घरीच प्रयोग करून बनवला होता हे तिथेच कळलं. मस्त आहे, पण इंजिनाचा आवाज मला नको वाटला. ते पूर्ण शिकायचं तर डीजीसीएचं (सरकारच्या विमान वाहतूक विभागाचं) लायसन्स लागतं, तो वेगळाच मामला.

आता तक्रारी. हार्नेस जुने आहेत, माझ्या हार्नेसची चेस्ट स्ट्रॅप दर दहा मिनिटांनी ढिली व्हायची, सांगितल्यावर दुसरं दिलं पण ते आधीच द्यायला हवं होतं. टेकऑफला बायकांसाठी टॉयलेटची काही सोय नाही, हे मी फीडबॅकमध्ये पण लिहिलंय. आणि कार्ड यायला सात आठवडे लागले, तीन वेळा फोन करावा लागला.

जायचं असेल तर घोटा झाकणारे बूट घ्या, माझा पाय दोनदा वाचलाय त्यामुळे. पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबरात गवत वाळायला लागलं की परत सुरू. जमलं तर मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी टँडेमवाल्यांची टेकऑफला रांग असते आणि शिकणाऱ्यांना ताटकळत बसावं लागतं.